सव्वादोन

नोंदवहीतलं त्रेचाळिसावं घर.
नाव, जैतुनबी हबीब मनियार. वय?
"सत्तर लिही. नाहीतर पंच्याहत्तर. तुले जे सोपं पडते थे."
खोकला नाही. ताप नाही.
बाहेरगावाहून कोणी आलं का?
"मीच आली होती, माय. कारंज्याहून. लग्न होऊन.
थे बी लिवा लागते काय?"

तेवढ्यासाठी रकाना नव्हता.

ओसरीवर बांगड्यांची पेटी, चैत्रापासून सुतळीनं करकचून बांधलेली.
पंचायतीच्या भोंग्यानं नाव कुणाचंच घेतलं नव्हतं,
"फेरीवाल्यांपासून सावध" एवढंच.
तिचं घर तर हापशीच्या समोर, भर गावात.
हापशीवर बाया तिच्या गुंडापासून
चार हात लांब ठेवतात आपले गुंड.
एकमेकींचे मात्र खेटून.

त्याच बायांचे हात तिनं दाबलेत,
अंगठ्याखालची गादी मिटवत, साबणाचं पाणी लावत.
माझा चुडाही तिनंच भरला. मी रडत होते.
"हात ढिला सोड, पोरी. काच आपोआप जाते."

मी तिच्या बोटाला चिमटा लावला.
यंत्रावर नुसत्या रेघा.
नखांवर ईदची मेंदी,
कोणी येणार नाही हे ठाऊक असून लावलेली.
दुसरं बोट. तिसरं.
सगळी रंगलेली, आणि काचेनं घट्टे पडलेली.
"हात ढिला सोड, आजी," मी म्हणून गेले,
तशी ती हसली. ओढणीनं झाकलेलं हसू,
पण डोळ्यांत दिसलं.

मग मी तिचा हात हातात घेऊन चोळत बसले.
हातमोज्यातून काय ऊब जाणार!
तरी बसले. तीनेक मिनिटं असतील.
आकडा आला, चौऱ्याण्णव.
मी लिहून घेतला.

हात सोडायला गेले तर तिनंच धरून ठेवला,
रबरावरून मनगट चाचपलं, बोटांच्या कड्यानं,
डोळे मिटून, जुन्या सवयीनं.
"सव्वादोनचा होता तुहा हात.
दोन-दोनवर आला.
घरोघरी इचारत फिरतं,
तुले कोणी इचारते काय, जेवली का म्हणून?"

फाटकाशी आले तेव्हा ऊन डोक्यावर.
हापशीवरून, तोंडाला पदर लावून, कोणीतरी ओरडलं,
"वो ताई, म्हातारीच्या घरी काही निघालं काय?"

हो, म्हटलं. निघालं.
आणि हातमोजा काढून
पुढच्या घराकडं वळले.