कोरड्या दिवसांची रोजकीर्द

सकाळचे साडेआठ.
सानपाड्याच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर
नरसाळं बाजूला करून बाटलीत डोकावते
आणि लिहिते: ०.०
काल तेच, परवा तेच,
सोळा ऑक्टोबरपासून तेच.
शून्य लिहायलाही चार जिने चढावे लागतात.

वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर
सत्तावीस वर्षं कीर्द लिहिली मी.
शेठ म्हणायचे, धंदा झाला नाही
त्या दिवसाचंही पान सोडू नका बाई,
कोरं पान म्हणजे चोराला वाट.
ती सवय हाताला राहिली.
म्हणून डाव्या रकान्यात पाऊस, उजव्यात वारा:
पहाटे मतलई, दुपारी खारा,
आणि मसाला मार्केटावरून आला तर मिरची.
तेव्हा शेरा, 'शिंका: तीन'.

सेक्रेटरी लोटलीकरांनी दोनदा नोटीस लावली,
'गच्चीवर पाणी साठवू नये. डास होतात.'
मी खाली पेन्सिलीने लिहिलं,
'साठलं तर कळवीन.'

समोर पारसिकचा डोंगर,
विळीवर फणस चिरावा तसा चिरलेला.
खाणी बंद झाल्या त्या वर्षी
यल्लप्पा धोत्रे एक दगड घेऊन आला,
गोणपाटात गुंडाळून, उसनं पातेलं परत करावं तसा.
बाहेरून काळा, एका गालावर सुरुंगाचा ओरखडा.
आत मुठीएवढी पोकळी,
पोकळीत गुलाबीसर पांढरे स्फटिक, दाटीने,
गऱ्यांसारखे.
'असले शेकड्यांनी फोडले, बाई.
मुकादम शिव्या द्यायचा, खडी खराब होते म्हणून.'
सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी
निवत्या लाव्हात एक बुडबुडा अडकला,
मग कातळातून पाझरणारं कढत पाणी
थेंबाथेंबाने तिथं राहायला आलं.
हे मी त्याला उत्साहाने सांगत सुटले.
त्याचा बाप त्याच डोंगरात गेला, एका दुपारी.
ते मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.
तो एवढंच म्हणाला होता,
जपून ठेवा, कडेचे तुटतात.

रात्री तीन इंची दुर्बीण, हप्त्याने घेतलेली.
आकाश ताकासारखं, पातळ, पांढुरकं.
कृत्तिका मोजते: चार.
गेल्या जानेवारीत फीडर जळाला तेव्हा सहा दिसल्या होत्या.
सातवीसाठी डोळे ताणले
तेवढ्यात वीज आली
आणि अख्ख्या सेक्टरने टाळ्या वाजवल्या.
मी सोडून.

चौदा डिसेंबर.
बाटलीत पाणी.
सहा पूर्णांक दोन मिलिमीटर!
वर पाहिलं: निरभ्र. गच्ची: खडखडीत.
टाकीची गळती तपासली,
लोटलीकरांच्या कुंड्या तपासल्या,
कठड्यावरच्या कावळ्याकडेही जरा रोखून पाहिलं.
टाकीमागून मुजावरांची आयरा निघाली,
वय सात, हातात शाळेची पाण्याची बाटली, रिकामी.
'रोज शून्य मिळतं ना तुम्हाला,'
ती म्हणाली, 'म्हणून.'

रागवायला तोंड उघडलं होतं.
पण आधी नोंद.
कीर्दीत खाडाखोड चालत नाही.
लाल शाईने लिहिलं:
पाऊस ०.०
इतर जमा ६.२, आयराकडून.
तिने वाचलं, बोट ठेवून.
'आयरा मुजावर लिहा. दुसरी ब.'
लिहिलं.

त्या रात्री ती आईला घेऊन वर आली,
स्वेटर उलटा घातलेला.
दुर्बीण नको म्हणाली, डोळा दुखतो.
मी बोटाने दाखवल्या कृत्तिका,
तो बघ, द्राक्षांचा छोटासा घोस.
तिने मान वर करून, ओठ हलवत मोजल्या.
'सात.'
खरंच दिसल्या,
की मला कमी पडू नयेत म्हणून,
विचारलं नाही.
वहीत दोन्ही आकडे आहेत:
मी चार, आयरा सात.
वारा मतलई. शिंक एक, तिची.