बावन्नाव्या मिनिटाला

जून. पुंता अरेनासला दहा वाजत आले की उजाडतं
आणि साडेपाचला मिटतं.
बाहेर वारा पत्र्यांशी भांडतोय,
आत मी सफरचंदांचे तीन खोके मांडून बसलेय:
बाबांच्या डीव्हीडी. दोनशे चौदा.

आधी हात धुतले, साबणाने, आणि वाळू दिले.
स्वयंपाकघरात मेंढीचं मांस शिजतंय,
या घरात कोरडं बोट ही दुर्मीळ गोष्ट.
मग डबीतलं मधलं बटण दाबलं. ओढायचं नाही.
ओढली की तबकडी वाकते.
दाबलं की ती आपणहून सुटते,
हट्टी पोराने अचानक ऐकावं तशी.
कडेला अंगठा, मधल्या भोकात बोट.
माणसाला एवढीच जागा.
बाकी सगळी उजेडाची.

बाबा बंदरावर क्रेन चालवायचे.
वीस टनांचा कंटेनर
अंड्यासारखा टेकवायचे जहाजावर,
आणि घरी येऊन हीच तबकडी
स्वेटरच्या बाहीवर पुसायचे, गोल गोल,
ताटली घासावी तशी. वर एक फुंकर,
फुंकरीत थोडी थुंकी.
"लखलखली बघ."

लखलखायचीच.
पण तिथली वाट गोल आहे, बाबा.
आतून निघून घेरे घेत बाहेर जाणारी
एकच लांब वाट.
आडवी रेघ यंत्र ओलांडतं, डबकं ओलांडावं तसं.
वाटेच्याच अंगाने गेलेली रेघ म्हणजे चाकोरी,
तीत चाक रुतलं की रुतलं.

म्हणून मधून कडेकडे. सरळ.
मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, तिथलं मऊ कापड.
डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब.
फारच चिकट असेल तर स्पिरिट, तेही नावाला.
कागदी रुमाल नको: कितीही मऊ वाटला
तरी शेवटी लाकूडच.
टूथपेस्ट तर नकोच. यास्नाने आठ तबकड्या घासल्या होत्या,
त्या डब्यांना अजून पुदिन्याचा वास येतो.

पुसून झालेल्या उभ्या ठेवते, पुस्तकांसारख्या,
हीटरपासून लांब.

एका डबीवरचं नाव कधीच उडालंय.
पण घरात सगळ्यांना माहीत आहे ती कोणती:
बावन्नाव्या मिनिटाला थिजणारी.
बाई पैशांची पिशवी घेऊन स्टेशनात येते,
दाराला हात लावते,
आणि चौकोन, चौकोन, चेहऱ्याच्या विटा.
पुढे चार मिनिटं सोडून लावली
तर ती समुद्रकाठी, हात रिकामे.

त्या चार मिनिटांवर आम्ही अकरा हिवाळे काढले.
यास्ना म्हणायची, चोरीला गेले.
बाबा म्हणायचे, विसरली. माणूस विसरतो.
आई म्हणायची, नाही, तिने परत केले. ज्याचे त्याला.
हे ती शपथेवर सांगायची.
मी लहान होते, मला वाटायचं कुत्र्याने नेले.

आज ती पुसली. मधून कडेकडे, सोळा वेळा.
आई खुर्ची पुढे ओढून बसली.
पन्नास. एक्कावन्न. हात दारावर.
दार उघडलं.

बाई आत गेली. बाकावर बसली. संत्रं सोललं.
घड्याळ पाहिलं. अजून एक संत्रं.
मग पिशवी एका पोरसवदा माणसाकडे दिली,
त्याने फळीवर ठेवली, पावती फाडली.
सामान ठेवायची खोली.
एवढंच.

आई बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "ही ती नव्हे.
तू दुसरीच लावलीस, दानित्सा."

बाबा आतून आले, हातात डाव.
"विसरली ना? मी म्हणत नव्हतो?"
"हो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
मी तबकडी बाहेर काढली
तर त्यांनी माझ्या हातातून घेतली, दिव्यासमोर धरली,
तिरकी केली, वीस टन पेलावेत इतक्या जपून.
"लखलखली बघ."
चरबीचा अंगठा, आख्खाच्या आख्खा,
चकचकीत बाजूवर,
बरोबर बावन्नाव्या मिनिटाच्या आसपास.

मी कापडाकडे हात नेला.
"राहू दे," आई म्हणाली.