पोचलं का

उद्यमनगरात खाली वडिलांची फौंड्री,
वर माळ्यावर मी
आणि बारा वर्षं फुकट सांभाळलेली मराठी शब्दांची यादी.
कुणीही न्यावी, कुठल्याही यंत्रात घालावी,
चुकल्या शब्दाखाली लाल रेघ उमटावी
एवढंच तिचं काम.

पत्रं येतात. निम्मी येतात
कुणा मेलेल्या सरदाराच्या सोन्याबद्दल,
टक्कल, कर्ज, गुडघे यांबद्दल,
मी न काढलेल्या लॉटरीबद्दल.
म्हणून दारात चाळण बसवली.
रोज रात्री दूध वर येईपर्यंत तिला शिकवायची:
हे खोटं, हेही खोटं, हे खरं, हे खोटं.
ती शिकली.
मी न शिकवलेलंही शिकली.

भाद्रपदात डिस्क भरली.
पत्रांचा प्रोग्रॅम अर्ध्यात थिजला,
पुन्हा उठला, पुन्हा थिजला,
मग विचारलं त्यानं: कचरा रिकामा करू?
‘हो’वर बोट ठेवलंच होतं
आणि सोन्याच्या दोन सरदारांमध्ये
अंग चोरून बसलेलं एक नाव दिसलं.
यल्लाप्पा हत्तरकी, गडहिंग्लज.
चौदा महिन्यांत एकवीस पत्रं.

‘रा. रा. यादीकर्ते यांस, सा. न. वि. वि.
छापखान्यात छत्तीस वर्षं खिळे जुळवले.
तो वाकडा अर्धा र आमच्याकडे वेगळ्या खणात असे.
आपल्या यादीत दर्या आहे, दऱ्या नाहीत.
आजऱ्याकडच्या माणसानं काय करावं?’

मग पायऱ्या. मग कोऱ्या, न्याहारीआधीच्या चहासारख्या.
मग, ‘लग्नात पैसे आचाऱ्यांना द्यायचे
की आचार्यांना, हे यादीनं ठरवू नये.’
एका पत्रात नुसतीच प्रश्नचिन्हं, चार ओळी भरून;
त्याच्या यंत्रानं त्या दिवशी अक्षरंच गिळली असावीत.
सतराव्यात दोन शब्द: पोचलं का.
अठराव्यात तेच.
विसाव्यात, ‘आपण आजारी नसाल अशी आशा.’

का अडवलं, ते उकरून पाहिलं.
त्या अर्ध्या र ला धरून ठेवायला
यल्लाप्पा एक न दिसणारं अक्षर घालत होता,
सांधा, रुंदी शून्य.
आणि लबाड लोकही शब्द फोडायला
न दिसणारी अक्षरंच घालतात.
शिवाय सा. न. वि. वि. —
एवढे ठिपके सभ्य माणूस कशाला देईल?

खाली गेले. बाबालालचाचा वाळू चाळत होते.
हात न थांबवता म्हणाले,
‘खडा ऱ्हातो वर, वाळू जाती खाली.
पर वाळू ओली असली की ती बी वरच ऱ्हाती, पोरी.
वरचं फेकायच्या आदी मुठीत धरून बगायचं.
फुटलं तर आपलं.’
आणि एक ढेकूळ माझ्या हातात दिलं.
फुटलं.

रात्री एकवीस शब्द यादीत घातले.
चाळणीला सांगितलं, हा माणूस खरा,
एकवीस वेळा, दूध उतू जाईस्तोवर.
मग उत्तर लिहायला बसले.
माफीची वाक्यं तीनदा खोडली.
शेवटी एवढंच धाडलं:
पोचलं. उशीर माझा. दऱ्या घेतल्या.

पाठवलं, आणि पोटात गोळा:
त्याच्या दारातल्या चाळणीला कुणी काय शिकवलंय
ते मला कुठं ठाऊक?
खाली भट्टी विझत आली होती.
पलीकडच्या लेथवर कुणीतरी रात्रपाळीत
एकच पट्टी पुन्हा पुन्हा घासत होतं.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी आलं,
चाळणीच्या अलीकडे, उजेडात, पहिल्या ओळीत:

‘सा. न. वि. वि. पोचलं. आनंद झाला.
मात्र आपल्या प्रोग्रॅमनं वाटेत सांधा पाडला.
आपण पुन्हा दर्याच धाडलात.
असो. गडहिंग्लजला दर्या नव्हता.
ठेवून घेतो.’