शेपटीची लांबी

पुंजाबा साटोटे मासे आणतात रंगाच्या बादलीतून,
वर ओलं गोणपाट.
बादलीवरचं कंपनीचं नाव घासून गेलंय,
हमी तेवढी शाबूत: सात वर्षं टिकेल.

सहा मरळ पंचकच्या डोहातले,
सहा गंगापूर धरणाच्या वरचे, तुलनेसाठी.
वरचे नि खालचे एकत्र करू नका हं, मी दर वेळी बजावते.
ते दर वेळी हसतात.
"पाणी कुठं सोवळं पाळतं, ताई."

शेपटीतून थेंबभर रक्त.
खरवसात वेलदोड्याचे कण अडकावेत
तशा जेलमध्ये अडकतात पेशी.
मग अंधार, कोपऱ्यात एक पिवळा बल्ब.
मीठ आणि क्षार पेशींची कवाडं विरघळवतात
आणि आतलं वेटोळं उघडं पडतं,
या नदीहून जुनं.

पंचवीस व्होल्ट. वीस मिनिटं.
तेवढ्यात मी चहा पिऊन येते.
खाली पोरं कुणाच्या तरी तोंडाला केक फासत असतात.

जे धड आहे ते जागचं हलत नाही.
जे तुटलंय
ते विजेमागे वाहत जातं.

या चाचणीचं नावच धूमकेतूवरून पडलंय.
पडद्यावर वरचे मासे: गोल, हिरवट, आपापल्या जागी.
(त्यांच्यातही चारेक शेपट्या सापडल्या. वहीत आहेत.)
पंचकचे मासे: अख्खं आकाश एका दिशेला पळालेलं.
डोकं मोहरीएवढं, मागे धूसर लांब पिसारा,
डीएनएचे तुकडे,
सगळ्यात हलके सगळ्यात पुढे.

धूमकेतू दिसला की राजा जातो, म्हणायचे.
इथे राजा कोण?
मी फक्त शेपटीची लांबी मोजते,
एका माशामागे शंभर पेशी,
शून्य ते चार अशी श्रेणी.

पलीकडच्या टेबलावर वृषाली कोठुळे बोलायची थांबते.
तिच्या काचेखाली नराचं वृषण,
आणि त्यात अंडी.
सतरा.
ती पुन्हा मोजते. सतरा.

पुंजाबांना दाखवलं. एक डोळा मिटून
बराच वेळ वाकून राहिले.
"नराला गाभोळी? माह्या बापानं असलं पायलं न्हाई."
मग, सरळ होत,
"खायचा का न्हाई मंग?"
माझ्या तक्त्यात या प्रश्नाला रकाना नव्हता.

रकाने आहेत ते असे:
प्लास्टिक मऊ करणारं,
कपड्यांना फेस आणणारं,
द्राक्षाच्या घडावर बसून पावसानं खाली आलेलं,
आणि अगदी शेवटी, अब्जांशात,
संप्रेरकाची गोळी.
फिकट पिवळी, रात्री जेवणानंतर.

ती मीही घेते.
डॉक्टर म्हणाल्या, पाळी मार्गी लागेल, मग बघू मूल.
शरीर हवं तेवढं ठेवून घेतं,
उरलेलं सकाळी माझ्यातून निघून
टाक्यांच्या जाळ्या चुकवत
कुठल्याशा नर मरळीच्या पोटात शिरतं
आणि त्याला सांगतं
जे मला सांगायचं होतं.

पेशी क्रमांक चौऱ्याऐंशी. श्रेणी चार.
वृषालीने विचारलं, बरं वाटत नाहीये का?
म्हटलं, डोळे दुखताहेत, अंधार फार आहे.

संध्याकाळी ते बादली न्यायला आले.
तळाशी खवले, थोडं लाल पाणी.
मी ती बेसिनमध्ये धरली, साबणाची बाटली उचलली,
आणि हात तसाच राहिला,
बेसिनच्या भोकाकडे बघत.

पुंजाबांनी बादली काढून घेतली.
"ऱ्हाऊ द्या. तशीच द्या.
उद्या त्यात पुन्ना नदीच भरायची हाये."