मुकादम

सोहारच्या गेटवरचा पहारेकरी पास वाचतो
आणि टाचा जुळवून सलाम ठोकतो : या, मुकद्दमसाहेब!
त्यांच्या पोलिसांत तो मोठा हुद्दा.
आमचा दिलावर मुकादम, बाणकोटचा, हेल्पर,
आठ जणांत सगळ्यांत कमी पगाराचा,
रोज लाजतो, डबा या हातातून त्या हातात घेतो.

फोरमन नारकर. त्याची शिट्टी पितळेची.
एक लांब : हातभर ओढा. दोन तुटक : थांबा.
बारा वर्षं आम्ही त्या शिट्टीवर घाम काढला,
तिच्यावरच पुसला.

टाकीचं झाकण खाली बसवायचं होतं, साडेतीन टन.
क्रेन तिथे पोचत नव्हती.
आठ चेन ब्लॉक, आठ माणसं गोल उभी.
एकाची साखळी जास्त गेली की झाकण तिरकं,
तिरकं झालं की भार दोघांवर,
मग देव आठवायलाही वेळ नाही.

दुपारी अडीचला धूळ आली.
समोरचा वर्गीस दिसेना, मग माझेच हात दिसेनात.
शिट्टी एकदा लांब वाजली
आणि नंतर वाजलीच नाही.

आम्ही थांबलो नाही. का, ते आजही सांगता येत नाही.
शेजारची साखळी कटकटली की मी माझी ओढायचो,
माझी ऐकून पलीकडचा,
आणि सगळ्यांच्या खाली, जात्यासारखी,
दिलावरची. ना घाई, ना उसंत.

झाकण बसलं. बोल्टांची भोकं जुळली.

धूळ निवळली तेव्हा नारकर पिंपाला टेकून बसलेला,
शिट्टी दातांत, डोळे उघडे, अंग कोरडं ठाक.
पाणी मारल्यावर त्याने आधी विचारलं : बसलं?
मग विचारलं : कोणी सांगितलं?

रात्री कॅम्पात त्यावरून ताटं गार झाली.
वर्गीस म्हणाला, फोरमन नसला तरी चालतं, पाहिलंत ना.
मी म्हणालो, बारा वर्षं कानात बसलेली शिट्टी
धुळीने थोडीच बंद होते?
मग माझंच मला पटेना.
गेल्या साली हीच शिट्टी होती, हाच नारकर,
माणसं तेवढी नवी,
आणि त्या पंजाबी पोराची दोन बोटं गेली.

दिलावर जेवत होता.
फारच विचारलं तेव्हा म्हणाला,
"माझ्या साखळीला तेल नव्हतं रे.
भरभर ओढताच येईना."

चार दिवसांनी गेटवर पुन्हा सलाम झाला.
दिलावर लाजला.
त्याच्या मागे नारकर उभा होता,
पास हातात धरून, रांगेत.