दंडाची वही

वही माझ्याकडे, कारण अक्षर माझं बरं.
पहिल्या पानावर गावाने ठरवलेलं:
दक्षिणेचा खडक तीन महिने बंद.
भाला नाही, जाळं नाही,
रिकाम्या हाताने फिरणंसुद्धा नाही.
मोडेल त्याने दहा हजार आरियारी भरायचे,
नसतील तर बकरी.
खाली अंगठे, दोन सह्या, तेलाचा एक डाग.

सातव्या आठवड्यात चिंचेखाली बैठक बसली.
विषय दुसराच होता.
शेजारच्या गावची होडी
रात्री दिवा विझवून आली होती म्हणे.
बिएनीने पाहिली, त्सिआडीने नाही पाहिली.
दोघांचा मेव्हणा एकच.

तेवढ्यात आई उठली,
गुडघ्यावर हात टेकून, दोन हप्त्यांत.

"मी गेले होते. अमावास्येच्या ओहोटीला.
बिळाच्या तोंडाशी खेकड्यांची कवचं होती,
पण जुनी, शेवाळलेली.
तेव्हाच कळायला हवं होतं, ही खात नाहीये.
भाला घातला. सुटेना. मग सुटली.
आत हात घातला तर छताला माळा,
तांदळाच्या दाण्याएवढी अंडी,
बोटांना लागून हलत होती."

कुणी हसलं.
कुणी म्हणालं, पाहिलं कुणी?
म्हातारा नाहूदा म्हणाला,
"बस गं सोआनुमेनी, पाय दुखतील."
आई बसेना.
"रुफीच्या पोराची बकरी सोडवून आणलीत,
तेव्हा सगळ्यात मोठ्याने मी ओरडले होते."

मी पेनाचं टोपण काढलं.
आठवलं, त्या रात्री आम्ही सगळेच जेवलो होतो.
माझ्या धाकट्याने रस्सा पुन्हा मागितला होता.

आईचं नाव आजवर कधी लिहिलं नव्हतं.
मनात तीनदा म्हणून मग लिहिलं.
रक्कम. तारीख.
'कारण' या रकान्यात 'भूक' लिहिलं, खोडलं,
'ऑक्टोपस, नग एक' लिहिलं.
माळांना रकाना नव्हता.

खडक उघडला त्या पहाटे
अख्खा गाव पाण्यात, पोटऱ्यांपर्यंत.
पोरं, म्हाताऱ्या, तीन गावांचे पाहुणे,
व्यापाऱ्याच्या बर्फाच्या पेट्या वाळूवर रांगेत.
ऑक्टोपस एवढे निघाले
की ऊन चढायच्या आत त्याने भाव पाडला.
त्यावरून भांडण झालं, तेही वहीत आहे.

आई सरळ त्या बिळापाशी गेली.
वाकली नाही.
भाल्याचं टोक वर धरून उभी राहिली
पाणी फिरेपर्यंत.
बायका तिला वळसा घालून जात होत्या,
वाटेत खांब असावा तशा.

दंडातले उरलेले दोन हजार
तिने संध्याकाळी मोजून दिले,
नातवाचे असावेत, नाणी फार होती.
मी पावती फाडली.
वाचता येत नाही तिला,
तरी दोन्ही बाजूंनी पाहिली,
कमरेच्या गाठीत बांधली.
मग म्हणाली,
"रस्सा खारट झाला होता त्या दिवशी.
कुणी बोललं नाहीत."