पुन्हा येणे

मंगळवारी मुलांची ओपीडी. खोली तेवीस.
पंखा तीनच्या पुढे जात नाही,
खिडकीतून माहुलच्या बाजूचा वास येतो,
रिफायनरीचा. इथे कुणी नाक मुरडत नाही.

केसपेपरवर छापलंय रेवती साबळे, वय चौदा.
बॉलपेनने घासून घासून
मागची दोन अक्षरं खोडलेली.
उरलंय नुसतं 'रे'.
कागद फाटला असता मॅडम, आत्या म्हणते, एवढा जोर.

पहिले दोन मंगळवार लेकरू बोललंच नाही.
तिसऱ्या वेळी बोललं,
आणि मला जरा उशिराच कळलं
की ते खड्डे चुकवत चालावं तसं बोलतंय.
आलो नाही, आले नाही;
'बसनं येणं झालं.'
जेवलो नाही, जेवले नाही;
'मी भात खाल्ला.'
'मला झोप लागत नाही.'
'पुढच्या वेळी सांगेन.'
सांगेन, बघेन, येईन –
भविष्यकाळातल्या 'मी'ला
आपल्या भाषेत बाई-पुरुष नसतं,
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं,
आणि मराठीत मला पंच्याऐंशी मार्क होते.

आत्याच्या पिशवीत दोन कागद.
एक शाळेचा:
'विद्यार्थिनी नॉर्मल असल्याचा दाखला आणावा.'
दुसऱ्यावर चुलतभावानं उतरवलेला पत्ता:
ठाण्याच्या पुढे कुणी आहे,
एका बैठकीत निदान करतो,
इंजेक्शन लगेच, पैसे रोख.
लिंबू तर गावी आधीच उतरवून झालंय.

सगळ्यांना आज उत्तर हवंय.
माझ्याकडे बारा मिनिटं आहेत,
बाहेर बाकावर अजून सत्तेचाळीस नंबर.

कागदांत नाही ते असं:
आई गेल्या नवरात्रात गेली,
दम लागून, सातव्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती.
लेकराच्या छातीवर क्रेप बँडेज, झोपेतही,
बरगड्यांवर वळ, श्वास अर्धाच.
शिकाऊ डॉक्टर माझ्या कानाशी येतो,
मॅडम, हे आईचं आहे की ते दुसरं?
मला माहीत नाही.
हे लिहायला पेपरवर जागा नाही.

हार्मोन्सचे डॉक्टर आमच्याकडे नाहीत.
मोठ्या रुग्णालयाची तारीख फेब्रुवारीची.
माझ्या खालच्या खणात एक फाइल आहे,
घाटकोपरचं एक पोर.
त्याला आम्ही थांब म्हणालो
आणि पुढचा फोन करायचा राहून गेला.
ती फाइल मी वर पाठवलेली नाही.
आणि मागच्या मे महिन्यात एक जण आली,
वीस वर्षांची, आवाज फुटलेला.
रागावली नव्हती.
म्हणाली, मॅडम, तुम्ही तेव्हा सगळं विचारलंत,
घरी काय चाललंय ते सोडून.

तेव्हापासून मी हळू लिहिते.

बँडेज सोड, असं मी म्हणाले नाही.
म्हणाले, रात्री सैल कर,
दोन बोटं आत जातील एवढं.
आणि झोप येत नसेल तेव्हा काय दिसतं, ते सांग.
बराच वेळ ते माझ्या स्टेपलरकडे बघत होतं.
मग म्हणालं, जिना.

पुढे काही नाही. बारा मिनिटं केव्हाच संपली होती.
शिकाऊ डॉक्टर विचारतो, या चौकटीत काय भरू, एम की एफ?
मी म्हणाले, आधी खाली लिही:
पुन्हा येणे, मंगळवार.
वीस वर्षं मी हेच दोन शब्द लिहिते आहे.
कोण येणार, स्त्री की पुरुष,
हे त्या 'येणे'ला कधी लागलंच नाही.

आत्या दारातून म्हणाली, चल गं –
आणि तिथेच थांबली,
जिभेखाली खडा आल्यासारखी.
मग नुसतंच, चल.

अठ्ठावीस नंबर, शिपाई ओरडला.
लेकरू वळलं. येईन, म्हणालं.
मी पुढचा पेपर ओढला,
पण आधी वरच्या ओळीत,
खोडलेल्या अक्षरांशेजारी,
मोकळी जागा तशीच ठेवली.